वहिनीची सीसीपी पॉझिटिव्ह आलीय. ऑटोइम्यून आजारांबद्दल माहिती आणि अनुभव हवेत

विजापूररोड

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

माझी वहिनी, वय ३४, घरी शिलाईकाम करते. दिवाळीपासून सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं आखडतात, मनगटं सुजतात. भाकरी थापायचं सोडाच, नळाची तोटीसुद्धा फिरवता येत नाही. दहा-साडेदहाला कुठं हात मोकळे होतात. आधी सगळे म्हणाले मशीन चालवून झालं असेल. मग चिकनगुनिया असेल म्हणून आणखी थांबलो. आता फिजिशियनना दाखवलं. ईएसआर ५८, सीआरपी वाढलेला (दोन्ही अंगातला दाह दाखवतात म्हणे), आरए फॅक्टर निगेटिव्ह, अँटी-सीसीपी (आमवाताची अँटीबॉडी तपासणी) भरपूर पॉझिटिव्ह, एएनए १:८० स्पेकल्ड पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, ऑटोइम्यून आहे. मेथोट्रेक्सेट, फॉलिक अ‍ॅसिड आणि थोडे दिवस स्टेरॉईड लिहून दिलंय.

घरी तेव्हापासून रोज सभा भरते. मेडिकलवाला म्हणाला, मेथोट्रेक्सेट ही कॅन्सरची गोळी आहे. आईचं म्हणणं, एवढ्या तरुण पोरीला स्टेरॉईड नको. मामा गावाकडून कुणाची तरी पुडी आणायला निघालेत. वहिनीनं मोबाईलवर एएनए म्हणजे ल्युपस (तोही ऑटोइम्यूनच, पण अंगभर पसरणारा) असं वाचलं आणि रात्रभर रडली. गोळ्या अजून सुरू नाहीत.

हे होतं कशामुळं? एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस का? गोळ्या सुरू कराव्यात का आधी पुण्याला दाखवावं?

पार्कस्टेडियम

प्रतिकारशक्ती बिघडलीय, ती वाढवा की. गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ, जोडीला आवळा. कोविडमध्ये आमची अख्खी गल्ली घेत होती, कुणाला काय झालं नाही.

लॅबवाली_अक्का

पार्कस्टेडियम, काढ्याचं शेवटी बोलते, ते गंभीर आहे. आधी 'कशामुळं' याचं. माझं आयुष्य पॅथॉलॉजीत गेलं. औषध सांगणं माझं काम नाही, ते डॉक्टर मंडळी बघतील.

या आजारांत प्रतिकारशक्ती कमी झालेली नसते. ती चांगली धडधाकट असते, पण आपल्याच पेशींवर चालून जाते. असं होऊ शकतं हे मानायलाच जुने लोक तयार नव्हते. १९०० च्या सुमाराला पॉल एर्लिख यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. एका शेळीला दुसरीचं रक्त टोचलं की ती त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायची, स्वतःच्या रक्ताविरुद्ध मात्र कधी नाही. त्यावरून शरीर स्वतःवर उलटणं टाळतंच, असं त्यांनी मांडलं. माणूस एवढा मोठा, की १९०४ मध्ये डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी थंडी बाधली की रुग्णाच्या स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारी अँटीबॉडी दाखवून दिली, तरी हा विषय जवळजवळ पन्नास वर्षं बाजूला पडला. गाडं हललं १९५६ मध्ये. अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांना थायरॉईडमधलं प्रथिन टोचून त्यांची थायरॉईड सुजवून दाखवली. त्याच वर्षी लंडनमध्ये हाशिमोटो आजाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या.

मुळात स्वतःवर उलटू शकणाऱ्या पेशी आपल्या सगळ्यांच्याच अंगात तयार होत असतात. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी आहे, तिथं प्रतिकारशक्तीच्या टी पेशी पक्क्या होतात. एआयआरई नावाचा एक जनुक या ग्रंथीतल्या पेशींना स्वादुपिंड, थायरॉईड अशा लांबच्या अवयवांची प्रथिनंही थोडी थोडी बनवायला लावतो. जी टी पेशी त्या प्रथिनांना घट्ट चिकटते, ती बहुतेक वेळा तिथंच मरते. तरी काही निसटतात. त्यांना बाहेर आवरायला वेगळ्या, नियंत्रक टी पेशी असतात. शिमोन साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये दाखवल्या. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये उंदरांच्या एका आजारी वाणात बिघडलेला फॉक्सपी३ जनुक शोधला, आणि या नियंत्रक पेशी त्याच्याच जोरावर घडतात हे पुढं कळलं. तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे ऑटोइम्यून आजाराचं मूळ बरंचसं हे आवरणं बिघडण्यात आहे.

ठिणगी कधी जंतूमुळं पडते. जंतूचं एखादं प्रथिन आपल्या प्रथिनासारखं दिसतं. बाहेरून आलेली डुप्लिकेट सोलापुरी चादर पकडायला निघालेल्या माणसानं नक्षी बघून चाटी गल्लीतला अस्सल मालही उचलून न्यावा, तसं होतं. लहान मुलांचा घसा स्ट्रेप्टोकॉकस जंतूनं दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा खराब होतात, तो संधिवाताचा ताप याच जातीचा. जुलाब करणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरनंतर पाय लुळे पडतात ते गियाँ-बारे सिंड्रोमही तसंच. २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून दिसलं, की एपस्टाईन-बार विषाणूच्या संसर्गानंतर मेंदू-मज्जारज्जूवर हल्ला होणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका सुमारे ३२ पट वाढतो. तो विषाणू मात्र जवळपास प्रत्येक माणसात असतो आणि हा आजार फार थोड्यांना होतो. नुसत्या जंतूनं भागत नाही ते असं.

आता काढा. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेले सहा रुग्ण नोंदवले. त्यांच्या यकृताला ऑटोइम्यून हेपटायटिससारखी इजा झाली होती. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतून असे ४३ रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयानं पहिल्या अहवालावर हरकत घेतली, त्यांचं म्हणणं वनस्पती ओळखण्यातच घोळ असावा. तो वाद त्यांचा. पण जिची प्रतिकारशक्ती आधीच अंगावर येतेय आणि जिला यकृतावर लक्ष ठेवून घ्यायची गोळी मिळालीय, तिला हा काढा कुणीही देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पार्कस्टेडियम

माझा काका तीन वर्षं घेतोय, ठणठणीत आहे. पण राहू दे, वाद नको.

धोटा

अक्का, चादरीचं एकदम पटलं. आमचं घर मागावालं. आता एक विचारतो. आमच्या पूर्व भागात बायकांच्या बोटांचं दुखणं लई. काही विड्या वळतात, काही टॉवेल कारखान्यात आहेत, मिसरी तर घरोघरी. त्यानं होतं का हे? आणि आईला असलं तर पोरीला होणारच का?

लॅबवाली_अक्का

होणारच असं अजिबात नाही. जुळ्या बहिणींचं बघा, जनुकं हुबेहूब सारखी. एकीला आमवात असला तर दुसरीला होण्याचं प्रमाण साधारण १५ टक्के निघतं, ल्युपसमध्ये २५ च्या आसपास. जनुकांनीच सगळं ठरत असतं तर १०० आलं असतं. सर्वांत जास्त वजन एचएलए जनुकांचं, म्हणजे प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांचं. तरुण पोरांची कंबर आखडते त्या अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसचं एचएलए-बी२७ शी नातं १९७३ मध्ये कळलं. पण बी२७ असलेल्या बहुतेकांची कंबर जन्मभर नीट राहते, हेही तितकंच खरं.

बायकांना जास्त होतो हे बरोबर. ल्युपसचे दहातले नऊ रुग्ण बायका. संप्रेरकं आहेतच, शिवाय दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक पेशीला बंद ठेवावं लागतं. ते पुरतं बंद होत नाही आणि त्यावरचे प्रतिकारशक्तीचे काही जनुक दुप्पट चालतात, असा सध्याचा अंदाज.

तंबाखूत धूर आणि मिसरी वेगळी काढायला हवी. सिगारेट-विडीच्या धुरानं फुप्फुसात प्रथिनांची रचना बदलते, त्याला सिट्रुलिनेशन म्हणतात, आणि त्याच बदललेल्या प्रथिनांविरुद्धची अँटीबॉडी म्हणजे वहिनींची सीसीपी. धूम्रपान आणि आमवात हा संबंध भक्कम आहे. न जळणाऱ्या तंबाखूचा तसा संबंध स्वीडनच्या अभ्यासात दिसला नाही. मिसरी सोडावी ती तोंडाच्या कॅन्सरसाठी.

कापडाच्या धुळीचं विचारलंत. मलेशियातल्या बायकांच्या एका अभ्यासात कापड-धुळीत काम करणाऱ्यांना आमवाताचा धोका वाढलेला दिसला. दगडाच्या सिलिका धुळीचा पुरावा त्याहून जुना आणि पक्का. पण धोटा, त्यावरून आपल्या यंत्रमागांवर सरसकट बोट ठेवू नका. तुमच्याकडची बोटं दिवसभर तेच तेच काम करूनही दुखत असतील. सूज आहे का आणि सकाळी जास्त आखडतात का, हे आधी बघा.

ओपीडी_नंतर

आत्ता मोकळा झालो. विजापूररोड, इथं कुणी तुमच्या वहिनींना तपासलेलं नाही, मीही नाही, हे धरून वाचा.

तुम्ही जे लिहिलंत त्यात मला रिपोर्टपेक्षा नळाच्या तोटीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. झिजेचा संधिवात उठल्यावर दहा-वीस मिनिटं आखडतो आणि कामानं वाढतो. तासाच्या वर आखडणं, दोन्ही बाजूंची बोटं-मनगटं सुजणं आणि हालचालीनं मोकळं होणं ही दाहाची लक्षणं. त्यावर सीसीपी पॉझिटिव्ह. ही तपासणी आमवात नसलेल्यांत फारशी पॉझिटिव्ह येत नाही, साधारण ९५ टक्के खात्रीची. आरए फॅक्टर निगेटिव्ह आल्यानं काही बिघडत नाही. आमवाताच्या चार-पाच रुग्णांत एकाला तो निगेटिव्हच असतो. उलट टीबी, हिपटायटिस सी, कुष्ठरोग किंवा नुसतं म्हातारपण यांतही तो पॉझिटिव्ह येतो.

चिकनगुनियाचा संशय घेणं चूक नव्हतं. २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्रात कितीतरी लोकांचे सांधे महिनोन्महिने दुखत राहिले, आणि दिसायला ते हुबेहूब आमवातासारखं असतं. पण त्यात आधी चांगला ताप येऊन गेलेला असतो आणि सीसीपी सहसा निगेटिव्ह राहते.

एएनएबद्दल वहिनींना आजच सांगा. मानवी पेशींच्या काचेवर रुग्णाचं रक्तजल टाकतात आणि पेशींचं केंद्रक चमकतं का ते बघतात. १:८० म्हणजे ८० पट पातळ करूनही चमकलं. पण धडधाकट लोकांत १:४० ला तीसेक टक्के, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के लोक पॉझिटिव्ह येतात. यंदा गड्ड्याच्या यात्रेत फिरणाऱ्या कुणाही शंभर जणांचं रक्त काढलं तरी डझनभर निघतील. २०१९ च्या ल्युपस निकषांत १:८० चा एएनए ही नुसती पहिली पायरी आहे. त्याशिवाय ताप, पुरळ, लघवीतलं प्रथिन, रक्तपेशी कमी होणं, डीएनएविरुद्धची अँटीबॉडी असं मिळून गुण जमावे लागतात. त्यातलं काही नसताना हौसेनं एएनए करून घ्यायची पद्धत पडलीय, ती मला मुळीच पसंत नाही. लोक नाहक घाबरतात.

शेंगापोळी

+१. मला आमवात बरीच वर्षं आहे. वहिनींना म्हणावं, नेट बंद कर.

आणि मामांना थांबवा. आमच्या शेजारच्या काकूंनी कुणाकडून तरी बिननावाची पांढरी पुडी आणली. तीन दिवसांत पळायला लागल्या, गल्लीभर कौतुक. पुढं चेहरा फुगला, साखर वाढली आणि पुडी संपल्यावर एकदम अंथरूण धरलं. दवाखान्यात कळलं की आत स्टेरॉईड होतं. नाव लिहीत नाही, पण ज्या पुडीनं तीन दिवसांत चमत्कार होतो तिच्यात काय असतं हे आता मला न विचारता कळतं.

मालदांडी

माझी मुलगी सीलिअ‍ॅकची, म्हणून लिहिते. तोही ऑटोइम्यूनच, पण यांच्यात जरा निराळा. बाहेरचं चिथावणारं नेमकं काय ते ठाऊक असलेल्या थोड्यांपैकी हा एक. गव्हातलं ग्लुटेन. हॉलंडचे डॉक्टर विलेम डिके यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात तिथं पाव मिळेना आणि त्यांच्या वॉर्डातली ही मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. यात गहू, जव पूर्ण बंद केले की आतडं भरून येतं, दुसरी गोळी लागत नाही.

लोक म्हणतात सोलापुरात काय अवघड, ज्वारी आहे की. खरंय, मंगळवेढ्याच्या ज्वारीत ग्लुटेन नाही. पुण्या-मुंबईच्या आया महागाचं पीठ मागवतात, आम्ही कडक भाकरी, शेंगाचटणी आणि हुरड्यावर पोर वाढवली. पण अडचण येते गिरणीत. गिरणीवाला आधी गहू दळतो, त्याच जात्यात वरून आपली ज्वारी ओततो, आणि डब्यात पहिलं किलोभर पीठ गव्हाचंच मिसळलेलं येतं. मुलगी भाकरीच खायची तरी तिच्या अँटीबॉडी खाली येईनात, कारण हे होतं. आता घरची छोटी गिरणी घेतलीय, तिच्यात गहू पडू देत नाही. लग्नात आमटी कशानं दाट केली ते विचारते, हिंग कुठला तेही विचारते, कारण बांधणीच्या हिंगात मैदा असतो. नातेवाईक नावं ठेवतात, ठेवू देत.

कुणाला संशय असेल तर एक करा, तपासणीआधी गहू बंद करू नका. बंद केला की रक्तही निगेटिव्ह येतं आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडाही भरून आलेला दिसतो.

धोटा

हिंगात मैदा! हे आमच्या घरात सांगायची सोय नाही.

पण थायरॉईड, पोटाचा, सांध्याचा, कोडपण म्हणतात ऑटोइम्यून. सगळे एकाच नावाखाली कसे?

लॅबवाली_अक्का

हल्ला कुठं होतो यावरून ढोबळ दोन गट करतात. एका अवयवापुरते: हाशिमोटो आणि ग्रेव्हज हे थायरॉईडचे, लहान वयातला टाईप १ मधुमेह, कोड, कातडीवर फोड आणणारा पेम्फिगस, स्नायूंना दम न राहणारा मायस्थेनिया. दुसरे अंगभर जाणारे: ल्युपस, आमवात, डोळे-तोंड कोरडं पाडणारा शोग्रेन, कातडी टणक करणारा स्क्लेरोडर्मा, रक्तवाहिन्यांचे दाह. सीमारेषा तशी पुसटच. आमवातात सांधे पुढं असले तरी फुप्फुसं आणि डोळेही सुटत नाहीत. शिवाय एकाच माणसाला दोन-तीन असणं नवीन नाही. थायरॉईडवाल्यांत कोड, टाईप १ वाल्यांत सीलिअ‍ॅक.

मला स्वतःला हत्यारावरून केलेली विभागणी जास्त पटते. ग्रेव्हजमध्ये अँटीबॉडी थायरॉईडचं बटण दाबूनच धरते, म्हणून ग्रंथी जास्त काम करते. मायस्थेनियात ती नस आणि स्नायू यांच्यातला संदेश अडवते. ल्युपसमध्ये अँटीबॉडीचे गठ्ठे मूत्रपिंडात जाऊन अडकतात. टाईप १ मध्ये टी पेशी स्वतः इन्सुलिनच्या पेशी मारतात. अँटीबॉडी खरंच दोषी असते याचा पुरावा बाळंतिणींकडून मिळतो. मायस्थेनिया असलेल्या आईचं बाळ कधी कधी अशक्त जन्मतं आणि आईची अँटीबॉडी त्याच्या रक्तातून संपली की काही आठवड्यांत आपोआप बरं होतं.

यूरिक अ‍ॅसिडचा गाऊट यात धरू नका बरं का. त्यात अँटीबॉडी किंवा टी पेशी नेम धरत नाहीत, जन्मजात प्रतिकारशक्तीचा दाह भडकतो. त्याला ऑटोइन्फ्लमेटरी म्हणतात.

हुतात्मा_एक्सप्रेस

ल्युपसवाली हजर. हँडल का हे, ते या सोलापूर-पुणे गाडीनं वाऱ्या करून करून.

सोलापूरच्या उन्हाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून सांगते. ल्युपसमध्ये ऊन म्हणजे नुसता उकाडा नव्हे. अतिनील किरणांनी कातडीच्या पेशी फुटतात, त्यांच्यातला डीएनए बाहेर सांडतो आणि अंगातला दाह चेततो. सावलीत ४३ अंश असेल तर फक्त घाम येतो, पण गुलाबी थंडीत दुपारी गच्चीवर पापड घालायला बसलात तर गालावर पुरळ उठतं. मी लांब बाह्या, ओढणी आणि सनस्क्रीन बारा महिने लावते. सात रस्त्यावर ओळखीचे लोक मला ओळखत नाहीत, हा त्यातला फायदा.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज घेते. मलेरियाची जुनी गोळी, कोविडच्या पहिल्या लाटेत दुकानातून गायब झाली तेव्हा आमचे हाल झाले. वजनाच्या किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत डोस ठेवतात, सुरुवातीला एकदा डोळ्यांचा पडदा तपासतात आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मला ही गोळी गरोदरपणातही चालू ठेवली होती. रो नावाची अँटीबॉडी असलेल्या आयांच्या शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून माझ्या सोनोग्राफ्या जास्त झाल्या. मुलगा आता शाळेत जातो.

आणि हो, ट्रेननं पुण्याला जाताना भिगवण लागतं ना, त्या गावात १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमनं घरोघरी जाऊन सांधेदुखी मोजली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमातला तो अभ्यास. आमवात साधारण दोनशे माणसांत एकाला निघाला. मी खिडकीतून मासळीची हॉटेलं बघत जायचे, हे कळल्यावर त्या गावाबद्दल आदर वाढला.

विजापूररोड

खूपच मिळालं. वहिनीला एएनएचं वाचून दाखवलं, बरीच सावरली. आता मुख्य ते सांगा. गोळी कॅन्सरची आहे का नाही? आणि स्टेरॉईड?

ओपीडी_नंतर

आहे. कॅन्सरमध्ये वापरतात, पण तिथं डोस कितीतरी पट मोठा आणि बहुधा शिरेतून. आमवातात आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम. एवढ्यात ती पेशी मारायला जात नाही, दाह शमवणारं अ‍ॅडिनोसिन वाढवते. अमेरिकेत १९८८ मध्ये आमवातासाठी मान्यता मिळाली. आजही जगभर उपचाराची सुरुवात तिनंच होते, आणि स्वस्त आहे.

ठळक अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवा: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज नाही. लोकांना रोज एक गोळी घ्यायची सवय, चिठ्ठीवरचं अक्षर दिव्य, आणि माणूस रोज गिळतो. तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी घसरतात, जिवावर बेततं. असे रुग्ण मी पाहिलेत. एक वार ठरवा आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून त्या वाराचं नाव लिहून घ्या. फॉलिक अ‍ॅसिड सांगितलेल्या दिवशीच. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी रक्तपेशी आणि यकृताची तपासणी चुकवू नका. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे फार.

वहिनींना पुढं मूल हवं असेल तर आत्ताच डॉक्टरांना सांगा. ही गोळी गरोदरपणात चालत नाही, काही महिने आधी थांबवतात. पण सल्फासालाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असे चालणारे पर्याय आहेत. हे विचारायला लोक लाजतात.

स्टेरॉईडची गोष्ट मोठी आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच यांनी पाहिलं होतं की आमवाताच्या बायकांना गरोदरपणात आराम पडतो, काविळीतही पडतो. अंगातच असं काहीतरी बनतंय म्हणून ते मागं लागले. सप्टेंबर १९४८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० चं नोबेल त्यावर मिळालं. पण डोस वाढत गेला तसे हाडं ठिसूळ, साखर, संसर्ग, फुगलेला चेहरा हे सगळं समोर आलं. म्हणून आज त्याचा उपयोग एवढाच, की मेथोट्रेक्सेट चालायला लागेपर्यंतचे आठवडे निभावायचे. कमी डोस, मुदत ठरलेली, आणि हळूहळू उतरवत न्यायचं. एकदम तोडलं तर मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी तोवर सुस्तावलेली असते, रक्तदाब कोसळतो. शेंगापोळींच्या काकूंनी अंथरूण धरलं ते यामुळं असणार. आईंची भीती त्या बिनहिशेबी पुडीला लागू आहे, या चिठ्ठीला नाही.

पुण्याला जरूर दाखवा, रुमॅटॉलॉजिस्टचं मत मोलाचं. पण अपॉइंटमेंट मिळेपर्यंत गोळ्या अडवून ठेवू नका. हाडाची झीज पहिल्या दोन वर्षांतच व्हायला लागते आणि गेलेलं हाड कुठल्याच औषधानं परत येत नाही. सोलापुरात फिजिशियनकडून सुरू करून पुण्याचा सल्ला घेणारे माझे कितीतरी रुग्ण आहेत.

शेंगापोळी

मला मेथोट्रेक्सेट पुरलं नाही, म्हणून बायोलॉजिकवर गेले. अडालिमुमॅब, पोटावर टोचायचं, दोन आठवड्यांनी एकदा. दाहाचा टीएनएफ नावाचा निरोप्या असतो त्याला ते अडवतं. पूर्वी नुसती किंमत ऐकूनच घरी यावं लागायचं. २०१४ च्या शेवटी भारतीय कंपनीचं आलं तेव्हापासून आवाक्याच्या जरा जवळ आलं. सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी घेतली, तेव्हा मला राग आला होता, खोकला नाही, काही नाही, टीबी कसला.

ओपीडी_नंतर

कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या फुप्फुसात टीबीचा जंतू निजलेला असतो आणि त्याच्याभोवतीची भिंत टीएनएफ धरून ठेवतो. टीएनएफ अडवला की भिंत ढासळते. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या औषधानंतर टीबी झालेले ७० रुग्ण नोंदले गेले आणि जग जागं झालं. आपल्याकडं तर ही तपासणी सोडायचीच नाही. सोरायसिस, आतड्याचा क्रोन्स, अँकिलोजिंग यांतही हीच औषधं वापरतात. टोफासिटिनिबसारख्या तोंडानं घ्यायच्या गोळ्यांनाही तीच खबरदारी.

ज्यांत अवयवच गेलाय तिथं हिशेब वेगळा. हाशिमोटोत थायरॉक्सिन, टाईप १ मध्ये इन्सुलिन, जे कमी पडतंय ते बाहेरून द्यायचं. तिथं प्रतिकारशक्ती दाबत बसण्यात अर्थ नसतो. नवीन म्हणाल तर जर्मनीत एर्लांगेनला ल्युपसच्या रुग्णांच्या टी पेशी काढून, त्या बदलून, अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींवर सोडल्या. २०२२ मध्ये पाच रुग्णांचे निकाल छापले, पाचही औषधाविना राहिले. पण पाच म्हणजे पाचच. इथं कुणी त्याच्या नावानं पैसे मागितले तर देऊ नका.

विजापूररोड

आज सुरू केल्या. वार रविवार ठरवला, दादाच्या मोबाईलवर आठवण लावली, चिठ्ठीवर डॉक्टरांकडून 'रविवार' लिहून घेतलं. मामांना फोन करून पुडी नको म्हणून सांगितलं, ते रुसलेत. पुण्याची वेळ पुढच्या महिन्यातली मिळाली.

एकच राहिलं. वहिनीला अधूनमधून लघवीला जळजळ होते. मागच्या वेळची गोळी घरात आहे, पाकिटावर कोट्रायमॉक्सॅझोल लिहिलंय. ती घेतली तर चालेल ना?

ओपीडी_नंतर

नाही, अजिबात नाही. बरं झालं विचारलंत. ती आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही फॉलिक अ‍ॅसिडच्याच मुळावर येतात. एकत्र घेतलं तर हाडांतल्या मगजात रक्तपेशी बनायच्या थांबू शकतात. ते पाकीट घरातून काढून टाका. जळजळ झाली तर लघवी तपासून दुसरं अँटिबायोटिक लिहून घ्या, आणि कुठल्याही डॉक्टरकडं गेलात, अगदी दाताच्या सुद्धा, तरी आधी सांगा की मेथोट्रेक्सेट चालू आहे. ताप, तोंडात फोड किंवा धाप लागली तर त्या रविवारची गोळी घ्यायच्या आधी फोन करा.